छप्पर पंचायतीचं, पगार आपला: गोव्यातली छोटी संस्था स्थानिक सरकारी पैशावर कशी टिकवायची

गणेश चवथीच्या आठ दिवस आधी आमच्या ज्येष्ठांच्या दिवसा-देखभाल केंद्रातल्या मदतनीस मावशींनी मला जिन्यात गाठलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, चवथीआधी पगार होईल ना हो?" तीन महिन्यांचा पगार थकला होता, एका सरकारी खात्याचं अनुदान मंजूर होऊन पाच महिने झाले होते, मंजुरीचं पत्र फाइलला लावलेलं होतं पण बँकेत पैसे नव्हते आणि मी त्या संस्थेचा खजिनदार. काय सांगणार? दोघा सभासदांकडून उसने घेऊन एक महिन्याचा पगार दिला, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान तरी आलं त्यांच्या घरात.

त्याच वर्षात आमच्या आसपासच्या दोन छोट्या संस्था बंद पडल्या. त्यांच्याकडे देणगीदार आमच्यापेक्षा चांगले होते, एकीचा तर कंपनीशी करार होता. पण दोघी भाड्याच्या जागेत होत्या. आम्ही पंचायतघराच्या वरच्या मजल्यावर फुकट बसलो होतो, म्हणून आम्ही राहिलो. एवढं साधं आहे ते, आणि मला कळायला सहा वर्षं लागली. पंचायत किंवा नगरपालिका जे देते ते रकमेत बघायला गेलं तर किरकोळ असतं, शिवाय उशिरा येतं, पण ज्या खर्चाला दुसरं कोणी हात लावत नाही तो खर्च ते उचलतं, म्हणून त्यावर संस्था टिकते. फक्त ते मागायचं कसं, कधी, कुठल्या शब्दांत, आणि आल्यावर हिशेब कसा ठेवायचा हे नीट जमलं पाहिजे. खाली लिहिलंय ते बहुतेक सगळं ठेच लागून शिकलेलं आहे.

आधी हिशेबच बघू

आमचं केंद्र सकाळी नऊ ते दोन, चौदा म्हातारी माणसं. दोन अर्धवेळ मदतनीस, प्रत्येकी १२,००० म्हणजे २४,०००. नाश्ता-जेवण माणशी दिवसाला ४० रुपये, महिन्याचे २५ दिवस, झाले १४,०००. रिक्षा ९,०००. फोन, औषधं, साबण-फिनेल, झेरॉक्स मिळून ४,०००. एकूण ५१,००० महिन्याला, वर्षाचे ६ लाख १२ हजार. आता हीच जागा बाहेर घेतली असती तर आमच्याकडे तेव्हा लाइट धरून महिन्याला १०,००० गेले असते, म्हणजे वर्षाला आणखी १ लाख २० हजार. पंचायतीनं रोख दिले ६०,०००. रोख रक्कम धरली तर खर्चाच्या दहा टक्केसुद्धा नाही, कमिटीतले लोक हसायचे, एवढ्यासाठी इतके हेलपाटे? पण जागेची किंमत त्यात मिळवा, १ लाख ८० हजार होतात, खऱ्या खर्चाचा पाव हिस्सा. हा कागद तुमच्या संस्थेसाठी एकदा करून बघा, जागेची बाजारातली किंमत लिहून. कमिटीला दाखवायला तर उपयोगी आहेच पण पुढे देणगीदाराकडे जाताना हाच कागद सगळ्यात जास्त चालतो.

का चालतो ते सांगतो. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा खर्च, कायद्यानं आला, ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा. पण त्या पैशाला बहुधा प्रोजेक्ट लागतो, व्हीलचेअर, शिबिर, फोटो. भाडं आणि मदतनीसाचा पगार म्हटलं की चेहरे उतरतात. परदेशी देणगीचं म्हणाल तर त्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेनं दुसरीला तो पैसा पुढे देणंच बंद झालं, त्यामुळे मोठ्या संस्थेच्या सावलीत चालणाऱ्या छोट्यांची पंचाईत झाली. गोव्यात आणखी एक भानगड, खाण. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग २०१८ मध्ये परत बंद, आणि खाणपट्ट्यात ज्यांचं सगळं खाणवाल्यांच्या देणगीवर चालायचं त्यांना एका रात्रीत दुसरा दरवाजा शोधावा लागला. पंचायत कुठे जात नाही. ती गरीब असेल, पण ती तिथंच असते.

पैसा नेमका कुठे असतो

गोव्यात १९१ पंचायती, १३ नगरपालिका, पणजीला महानगरपालिका, आणि उत्तर-दक्षिण अशा जिल्हा पंचायती. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत, त्यात महिला-बालविकास, दिव्यांगांसकट समाजकल्याण आणि दुर्बल घटकांचं कल्याण हे तीन लागोपाठ, २५, २६, २७ नंबरला. नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची, १८ विषय, त्यात दुर्बल घटकांचं हित नवव्या नंबरवर. हे नंबर पाठ करा. "हे आमच्या कामात येत नाही" असं कोणी म्हणालं की भांडायचं नाही, शांतपणे नंबर सांगायचा. कागदावर विषय आहे म्हणजे तिजोरीत पैसे आहेत असं मात्र नाही, आमच्या गोव्यात अधिकार बराचसा पणजीतच राहिलाय हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पंचायतीच्या पैशाचे आपल्यापुरते दोन डबे समजा. एक डबा बांधलेला, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा, केंद्राच्या वित्त आयोगाचा वगैरे. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६, त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेले ४० मोकळे म्हणायचे पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. तेव्हा "वित्त आयोगाचे पैसे आलेत ना, त्यातून द्या" असं ग्रामसभेत उठून सांगू नका, सेक्रेटरी गालात हसतो. पण त्याच डब्यातून तुमच्या केंद्राजवळचं शौचालय, रॅम्प, पाण्याची टाकी होऊ शकते, आणि ते मागायला काय हरकत आहे.

दुसरा डबा पंचायतीचा स्वतःचा. घरपट्टी, दुकानांचे परवाने, बांधकाम परवान्याची फी. किनाऱ्याकडच्या पंचायतींचा हा डबा भरलेला असतो, सत्तरी-सांग्यातल्या आतल्या पंचायतीचा नसतो. तुमचा अर्ज ह्या डब्यासाठी. अर्ज लिहायच्या आधी पंचायतीचं मागच्या वर्षाचं अंदाजपत्रक आणि जमाखर्च मागून घ्या, देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, गोव्यात तर हा कायदा देशाच्या आधी, १९९७ मध्येच होता. त्यात समाजकल्याण किंवा तशा नावाचं शीर्ष, म्हणजे खर्चाचं सदर, आहे का, किती रक्कम ठेवली, किती खर्च झाली ते बघा. आमच्याकडे त्या शीर्षाखाली पैसे ठेवलेले होते आणि खर्च शून्य, कोणी मागितलेच नव्हते.

कागदपत्रं, आणि महाराष्ट्रातली माहिती वाचून गोंधळू नका

मराठीत संस्थेबद्दल काही शोधलं की सगळी माहिती महाराष्ट्राची येते, धर्मादाय आयुक्त, चेंज रिपोर्ट, सातबारा. आपल्याकडे धर्मादाय आयुक्त नाही. सोसायटी असेल तर १८६० च्या कायद्याखाली निबंधकाकडे नोंदणी, आणि कलम ४ प्रमाणे वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत नव्या कमिटीची यादी तिथे द्यायची. ही यादी बहुतेक छोट्या संस्था विसरतात. मग पाच वर्षांनी कोणीतरी अनुदानाच्या फाइलवर शेरा मारतो, कागदोपत्री अध्यक्ष वारलेले आहेत. हसू नका, आमचंच झालं, मागच्या चार वर्षांच्या याद्या एकदम द्यायला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून जे बघितलं ते अजून आठवतं.

बाकी नेहमीचं: संस्थेच्या नावचा पॅन, दोन सह्यांचं बँक खातं, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, आयकराची संस्थेसाठीची आणि देणगीदाराला सवलत देणारी नोंदणी (१९६१ च्या आयकर कायद्यातली १२एबी आणि ८०जी), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा नंबर. पंचायतीला हे सगळं लागतंच असं नाही, पण पुढे राज्याच्या किंवा केंद्राच्या खात्याकडे जाल तेव्हा लागणार, आणि तिथे घाई करून होत नाही.

पैसे मागू नका, आधी जागा मागा

ह्या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवीन. पहिल्याच भेटीत सरपंचाकडे पैसे मागितले की तो पंच लोकांकडे बघतो, पंच सेक्रेटरीकडे बघतात, सेक्रेटरी पंख्याकडे. जागा मागितली की चित्र वेगळं. पंचायतघराची वरची खोली, बंद पडलेलं वाचनालय, जुनी अंगणवाडी, समाजगृह, पटसंख्या नाही म्हणून बंद झालेली सरकारी शाळा. अशी जागा जवळपास प्रत्येक गावात असते आणि तिला कुलूप असतं.

पण जागा कोणाची ते आधी तपासा. एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सातबाराच म्हणा) काढा, शहरात असाल तर सिटी सर्व्हेचा फॉर्म डी. गावात सगळे "पंचायतीची जागा, पंचायतीची जागा" म्हणतात आणि उताऱ्यावर निघते कोमुनिदादीची (गावकारांची जुनी सामायिक जमीन-संस्था), किंवा देवस्थानची, किंवा शिक्षण खात्याची. जे पंचायतीचं नाही ते पंचायत देऊ शकत नाही, दिलं तरी पहिला हरकत घेणारा आला की तुम्ही बाहेर. कोमुनिदाद असेल तर गावकारांच्या सभेकडे, देवस्थान असेल तर महाजनांकडे, शाळा असेल तर खात्याकडे, वेगवेगळी वाट आहे.

जागा मिळाली की तोंडी राहू नका. "अहो आपलंच आहे, कागद कशाला" असं म्हणणारा माणूस चांगला असतो, पण त्याची मुदत पाच वर्षांची असते. लेखी करार करा, भाडेकरार नाही, वापराचा परवाना, तीन किंवा पाच वर्षांचा, नाममात्र शुल्क वर्षाला रुपया का होईना. त्यात हे असायलाच हवं: वार आणि वेळ, किल्ली कोणाकडे, लाइटचा मीटर कोणाच्या नावावर आणि बिल कोण भरणार, गळती-दुरुस्ती कोणाची, आणि पंचायतीला जागा हवी झाली तर किती दिवस आधी सांगणार.

हे शेवटचं कलम आमच्या पहिल्या करारात नव्हतं. एका सोमवारी सकाळी नऊ वाजता रिक्षातून पाच म्हातारी उतरली, वर गेलो तर खोलीत आदल्या रात्रीच्या लग्नाच्या प्लास्टिक खुर्च्या छतापर्यंत, जमिनीवर अक्षता आणि सोलकढीचे पेले, आणि आमचं औषधांचं कपाट फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. एका आजींची साखरेची गोळी नाश्त्याआधीची. कपाट सरळ करायला दोघं लागले, खुर्च्या काढायला अर्धा तास. कोणाचा दोष नव्हता, हॉल बुकिंगची पावती होती त्यांच्याकडे, आमच्याकडे काय होतं? नंतरच्या करारात सात दिवसांची लेखी सूचना आणि एक कायमचं कुलूपबंद कपाट, दोन्ही घालून घेतलं. निवडणुकीत तीच खोली मतदान केंद्र होते, तेव्हा काय करणार तेही आधी ठरवून ठेवा, आम्ही ते दोन-तीन दिवस एका घराच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, काढतो.

घरपट्टी, कचरा शुल्क, पाणी ह्यात सूट मिळते का तेही लेखी अर्ज करून विचारा. नाही म्हणाले तर उत्तर लेखी घ्या.

मग रोख अनुदान: तारीख आणि ठरावातले शब्द

अर्ज कधी? एप्रिलमध्ये नाही. एप्रिलमध्ये अंदाजपत्रक झालेलं असतं आणि मग "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर तयार असतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अर्ज द्या, पोच घ्या, जानेवारीत पुढच्या वर्षाचा विषय निघतो तोपर्यंत तुमचा कागद फाइलमध्ये असला पाहिजे. ग्रामसभा रविवारी असते, तुमचे लाभार्थी आणि त्यांच्या घरचे घेऊन जा, भाषण नको, एका सुनेनं उठून सांगितलं की सासूबाई केंद्रात जातात म्हणून मला कामावर जाता येतं, तर तुमच्या दहा पानी प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा ते जड आहे.

अर्ज दोन पानांचा. किती माणसं, कुठल्या वाड्यावरची, पंचायत क्षेत्रातली किती आणि बाहेरची किती हे खरं लिहा कारण तो प्रश्न येणारच, वर्षाचा खर्च, त्यात आमचा वाटा किती, तुमचा किती मागतो. पूर्ण खर्च मागू नका.

आणि ठराव. इथे आमची एक फाइल आठ महिने अडकली. ग्रामसभेत टाळ्या वाजल्या, ठरावात लिहिलं गेलं "संस्थेला शक्य ती मदत करावी." बस. शक्य ती म्हणजे किती, कुठून, कधी? सेक्रेटरी बिचारा कुठल्या शीर्षातून चेक काढणार? म्हणून मसुदा आपण लिहून न्यायचा, त्यांना बदलू दे, पण कोरा कागद त्यांच्यावर सोडायचा नाही. साधारण असा:

"पंचायत क्षेत्रातील ज्येष्ठ नागरिकांसाठी अमुक संस्था चालवीत असलेल्या दिवसा-देखभाल केंद्रास पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात समाजकल्याण शीर्षाखाली स्वनिधीतून रुपये ६०,००० अनुदान देण्यात यावे. पहिला हप्ता मे अखेर व दुसरा हप्ता, पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (यूसी) सादर केल्यावर, ऑक्टोबर अखेर अदा करावा. सूचक अमुक, अनुमोदक तमुक."

शीर्ष, निधी, रक्कम, महिना. ह्या चारांतलं एक जरी गळलं तरी फाइल फिरते. रक्कम मोठी असेल तर पंचायतीच्या पातळीवर भागत नाही, बीडीओकडे, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याकडे, मंजुरीला जाते, तिथला आवक नंबर विचारून डायरीत लिहून ठेवा, नंबर असला की फोनवर उत्तर मिळतं. नगरपालिकेत हाच खेळ, फक्त सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आणि सेक्रेटरीच्या जागी मुख्याधिकारी, आणि तिथे अकाउंट्स सेक्शनमधल्या माणसाशी ओळख असणं मुख्याधिकाऱ्याच्या ओळखीपेक्षा कामाला येतं असं माझं मत आहे.

सूचक एका गटाचा आणि अनुमोदक दुसऱ्या गटाचा घ्या. कसंही करून घ्या. अविश्वास ठराव येतात, सरपंच बदलतात, आणि ज्या अनुदानावर एकाच गटाची सही असते ते नव्या सरपंचाला आधीच्याचं वाटतं. गोव्यात २०२२ च्या १० ऑगस्टला १८६ पंचायतींची मतदानं एकाच दिवशी झाली होती, म्हणजे एका झटक्यात किती संस्थांचे "आपले पंच" बदलले असतील बघा. आचारसंहिता लागली की नवं अनुदान बंद, तेव्हा निवडणुकीच्या वर्षात अर्ज चार महिने आधी सरकवा. केंद्राच्या बोर्डावर कोणाचा फोटो लावायचा आग्रह झाला तर "ग्रामपंचायतीच्या सहकार्यानं" एवढं ठळक लिहा, फोटो नको. एका पंचानं आमच्यावर सहा महिने राग धरला त्यावरून, मग त्याचेच वडील यायला लागले केंद्रात.

छोट्या पैशावर मोठा पैसा

पंचायतीचा करार आणि ठराव हातात आल्यावर तीन-चार प्रती काढून ठेवा, आता खरी कमाई सुरू होते. समाजकल्याण, महिला-बालविकास, विशेष मुलांचं काम असेल तर शिक्षण खातं, केंद्राच्या योजनांमध्ये ज्येष्ठांसाठी अटल वयो अभ्युदय, दिव्यांगांसाठी दीनदयाळ पुनर्वसन योजना, बालकांसाठी मिशन वात्सल्य. ह्या प्रत्येक ठिकाणी जागा कोणाची, स्थानिक संस्थेचं मत काय, हा प्रश्न येतो. पंचायतीनं स्वतःचे साठ हजार घातलेत हे दिसलं की समोरचा समजतो की गावाला हे हवंय. खाणपट्ट्यात असाल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडेही बघा, २०१५ च्या खाण कायद्याच्या दुरुस्तीतून ते आलं, बाधित भागातली आरोग्य, शिक्षण, ज्येष्ठ, दिव्यांग ही कामं त्यांच्या अग्रक्रमात बसतात, आणि तिथेही ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे.

एक गल्लत सगळे करतात. दयानंद सामाजिक सुरक्षा (ज्येष्ठ-दिव्यांगांचं मासिक अर्थसाहाय्य) किंवा गृह आधार (गृहिणींचं) ह्या राज्याच्या योजनांचे पैसे माणसाच्या खात्यात जातात, संस्थेच्या नाही. संस्थेनं लोकांचे फॉर्म भरून द्यावेत, हयातीच्या दाखल्याची आठवण करावी, जरूर करावी, पण तो पैसा आपल्या बजेटमध्ये धरू नये, आणि त्यातून सक्तीची वर्गणी तर अजिबात नको.

पैसे उशिरा येणार हे धरून चाला

मे अखेर लिहिलंय म्हणजे मेमध्ये येणार असं नाही. आमचा अनुभव, मेचा हप्ता ऑगस्ट-सप्टेंबरला, ऑक्टोबरचा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, तोही ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा म्हणून. त्यामुळे दोन नियम केलेत. पगार अनुदानातून द्यायचा नाही. पगार आणि रिक्षा लोकवर्गणीतून, म्हणजे दर महिन्याला येणाऱ्या छोट्या देणग्यांतून, २००-५०० रुपयेवाले साठ-सत्तर लोक असतील तरी चालतं. अनुदानातून असा खर्च ज्याला थांबता येतं: भांडी, गाद्या, धान्याची घाऊक खरेदी, दुरुस्ती. ठरावात रक्कम कशासाठी ते तसंच लिहून घ्यायचं.

दुसरं, गंगाजळी. पगार आणि रिक्षा मिळून महिन्याचे ३३,००० होतात, चार महिन्यांचे १ लाख ३२ हजार. एवढी एफडी वेगळी. ती जमवायला आम्हाला तीन वर्षं लागली, दर जत्रेला स्टॉल लावला, लाडू-शंकरपाळे विकले, एक सभासद तर म्हणाला आपण संस्था चालवतो की बेकरी. एफडी मोडायची तर कमिटीचा ठराव आणि अनुदान आलं की पहिल्यांदा ती परत भरायची, नाहीतर ती गंगाजळी राहत नाही, गंगार्पण होते.

हिशेब, म्हणजे पुढच्या वर्षीचा अर्ज

अनुदानाला वेगळं खातं उघडा, नाही जमलं तर टॅलीत वेगळं लेजर. बिलावर संस्थेचं नाव, मागे अनुदानाचा ठराव क्रमांक, सही. केंद्राच्या नियमांत यूसीचा ठरलेला नमुना आहे, सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला १२-ए, पंचायतीनं काही नमुना दिला नसेल तर त्याच धर्तीवर करा, सीएची सही घ्या. केंद्राच्या अनुदानात न वापरलेले पैसे आणि त्यावरचं व्याज परत करायचं असतं, आणि अनुदानातून घेतलेल्या वस्तू न विचारता विकता येत नाहीत. त्याची नोंदवही ठेवा. आमच्या मिक्सरवर सुद्धा पांढऱ्या रंगात नंबर आहे, ऑडिटला आलेल्या पोरानं तो खरंच शोधला होता.

अनुदान आणि काम ह्यात फरक आहे हेही लक्षात असू द्या. पालिकेनं तुम्हाला मदत दिली ते अनुदान, पण जेवण पुरवा, सर्व्हे करा, इतके पैसे देतो म्हटलं की तो कॉन्ट्रॅक्ट झाला. मग आयकराचा टीडीएस, कराराची रक्कम अडीच लाखांच्या वर आणि सेवा जीएसटीत बसणारी असेल तर जीएसटीचाही २ टक्के टीडीएस, आणि सेवाभावी म्हणून मिळणारी जीएसटीची सूट सगळ्याच कामाला लागत नाही. सही करायच्या आधी सीएला एक फोन.

सरकारी पैसा किती घ्यावा? माझं मत, निम्म्याच्या खाली ठेवा. वर गेलात तर एक उशीर संस्था मोडू शकतो. शिवाय सरकारी निधी भरीव असला की संस्था माहिती अधिकाराखाली येऊ शकते, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय, आणि वर्षाला किमान २५ लाख सरकारी अनुदान आणि तेही एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असेल तर कॅगचं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचं, ऑडिट लागू शकतं. ज्यांचा हिशेब चोख आहे त्यांनी घाबरायचं कारण नाही, पण तयारी हवी.

यूसी दिलं की त्याच दिवशी पुढच्या वर्षीचा अर्ज त्याला जोडून द्या. सोबत एक पान, फक्त आकडे: किती दिवस केंद्र उघडं होतं, किती जेवणं, पंचायतीच्या पैशातून नेमकं काय घेतलं. सरपंचाला ग्रामसभेत वाचून दाखवायला काहीतरी लागतं, ते तुम्हीच लिहून दिलेलं बरं.

नाही म्हणाले तर

रोख नाही म्हणाले तर जागा मागा, जागा नाही तर कुलूप असलेलं कपाट मागा, तेही नाही तर पंचायतीच्या लेटरहेडवर शिफारसपत्र मागा. हात हलवत परत यायचं नाही. पहिल्या वर्षी आम्हाला फक्त पत्र मिळालं होतं, दुसऱ्या वर्षी खोली, रोख पैसे चौथ्या वर्षी.

आणि हो, खोली वरच्या मजल्यावर आणि वर नळे (कौलं) असतील तर मे महिन्यातच कोणाला तरी वर चढवून बघून घ्या. गळती कोणाची हे करारात लिहिलेलं असलं तरी पंचायतीचा माणूस शिडी घेऊन येईपर्यंत अर्धा जून जातो. आमची निळी ताडपत्री तीन पावसाळे टिकली, चौथ्याला घेतलेली नवी ह्या वर्षीच्या यूसीत आहे, अनुक्रमांक ७.